लहान अकूस्टिक कार्यक्रमांसाठी एका हाताने उचलता येईल असा हलका स्पीकर कॅबिनेट स्वतः कसा बांधावा?

गिटार आणि गायन एवढ्याच कार्यक्रमासाठी, चाळीस-पन्नास श्रोत्यांपुरता कॅबिनेट बांधताना १८ मिलिमीटर एमडीएफला (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या जड फळीला) पर्याय आहे का, आणि पातळ लाकडाने आवाज बिघडेल का, असे आपण विचारले आहे. पर्याय निश्चित आहे. फळी पातळ करायची आणि तिला योग्य जागी आधार द्यायचा, ही दोन्ही कामे एकत्र केली की आवाज न बिघडता वजन उतरते.

४२ × २८ × २६ सेंटिमीटर बाह्यमापाच्या पेटीचे पृष्ठफळ सुमारे ०.६ चौरस मीटर भरते. एमडीएफची घनता घनमीटरला साधारण ७५० किलो धरली, तर १८ मिलिमीटरची रिकामी पेटीच सात-आठ किलोंची होते. पॉपलर प्लाय, म्हणजे पॉपलर या हलक्या लाकडाचा प्लायवूड, घनमीटरला ४५० किलोंच्या आसपास असतो, त्यामुळे ९ मिलिमीटरच्या पॉपलर प्लायमध्ये तीच पेटी अडीच किलोंच्या आत बसते. समोरची फळी मात्र १२ मिलिमीटरची घ्यावी, कारण स्पीकरचा सारा भार तिच्यावरच येतो. आठ इंची स्पीकर फेराइटऐवजी निओडिमियम चुंबकाचा निवडल्यास आणखी दीड-दोन किलो सहज वाचतात.

माझ्या पहिल्या पेटीत मी फळ्या पातळ केल्या, पण आत आडपट्टी घातली नाही. गिटारची पाचवी तार, म्हणजे ११० हर्ट्झचा स्वर, छेडला की बाजूची फळी तळहाताखाली स्पष्ट थरथरत असे आणि तो एकच स्वर इतरांपेक्षा फुगून, लांबत ऐकू येई. त्यामागचे गणित साधे आहे. जाडी निम्मी केली की फळीची स्वतःची कंपनसंख्या साधारण निम्म्यावर येते, पण आधाराशिवायचे अंतर निम्मे केले की ती जवळजवळ चौपट होते. म्हणून समोरासमोरच्या दोन बाजूंना जोडणारी २० × २० मिलिमीटरची पट्टी आत चिकटवावी, आणि ती अगदी मध्यावर न लावता थोडी सरकवून लावावी, म्हणजे दोन्ही भागांची कंपने एकाच स्वरावर येणार नाहीत. पाठीच्या फळीलाही अशीच पट्टी द्यावी. गोंद वाळल्यावर बोटाच्या पेराने फळीवर टकटक करून पाहावे: ढबढब असा आवाज आला तर आधार कमी आहे, कोरडा आणि आखूड आवाज आला तर काम झाले.

खालच्या स्वरांचा मोह आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन. पेटी लहान असणे, आवाज मोठा निघणे आणि बास खोल असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. गिटारची सर्वांत खालची तार साधारण ८२ हर्ट्झची असते, त्यामुळे ६५ हर्ट्झच्या खाली जाण्याची आपल्याला गरजच नाही. बास सोडून दिला की अधिक संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच शक्तीत मोठा आवाज देणारा, स्पीकर निवडता येतो. ८९ डेसिबलऐवजी ९५ डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज एक चतुर्थांश शक्तीत देतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरीही लहान चालतात.

स्पीकर, पट्ट्या आणि पोर्ट (पेटीतील हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी) यांनी व्यापलेली जागा वजा केल्यावर या पेटीत सुमारे २२ लिटर हवा उरते. ७ सेंटिमीटर आतील व्यासाची आणि तेवढ्याच लांबीची नळी पेटीची ट्यूनिंग, म्हणजे तिच्यातील हवा ज्या स्वराला घुमते तो स्वर, ६५ हर्ट्झच्या जवळ आणते. स्पीकरच्या माहितीपत्रकातील आकडे या आकारमानाशी जुळतात का, हे कापण्याआधी अवश्य तपासावे. नळी आधी १० सेंटिमीटरची ठेवून थोडी थोडी कमी करत जावे. इम्पिडन्सच्या, म्हणजे स्वरागणिक बदलणाऱ्या स्पीकरच्या विद्युत अवरोधाच्या, आलेखात दोन शिखरे दिसतात आणि त्यांच्यामधला खळगा जिथे असतो, तीच पेटीची खरी ट्यूनिंग. ती १०० हर्ट्झच्या आसपास येऊ देऊ नये, कारण गिटारच्या पोकळीतील हवाही साधारण तिथेच घुमते आणि दोन्ही एकमेकांना चेतवून फीडबॅक सुरू होतो. ट्यूनिंगच्या खाली पोर्ट कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) आवर घालू शकत नाही, त्यामुळे मिक्सरवर ७० हर्ट्झच्या जवळचा लो-कट (त्याखालचे स्वर गाळणारी सोय) लावलेला असावा, नाहीतर माइकला लागलेला एखादा धक्काही कोनला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलू शकतो.

जोडणीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही: सुतारकामाचा पांढरा गोंद, भरपूर क्लॅम्प आणि पूर्ण एक दिवस वाळण्यासाठी. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी द्यावी आणि बोल्टसाठी टी-नट (फळीत मागून ठोकून बसवायचे धातूचे नट) वापरावेत, कारण पॉपलर मऊ असल्याने साधे स्क्रू दोन-तीनदा काढले-घातले की ढिले होतात. स्टँडची ३५ मिलिमीटरची खोबण बसवताना तळाला आतून १२ मिलिमीटरचा जादा तुकडा चिकटवावा.

हँडलची जागा शेवटी ठरवावी. पुढच्या फळीवरच्या चुंबकामुळे पेटीचा तोल पुढे झुकतो, आणि हँडल मध्यावर लावले तर चालताना तिची कड पायाला लागत राहते. स्पीकर बसवून झाल्यावर पेटी एका गोल दांडीवर ठेवून पुढे-मागे सरकवावी. जिथे ती स्थिर राहते तिथे पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्या रेघेवर हँडल बसवावे.