मेलबर्नमध्ये फुकट फिरवणाऱ्या जुन्या ट्राम खरंच जुन्या आहेत की पर्यटकांसाठी बनवलेल्या?

खऱ्या आहेत. जुन्याचा मुलामा दिलेल्या नव्या गाड्या नाहीत.

तुम्ही आईबाबांना घेऊन मुंबईहून मेलबर्नला येताय. शहराच्या मध्यभागाला फेरी घालणाऱ्या सिटी सर्कल या फुकट मार्गावरची ती लाकडी ट्राम अस्सल आहे का, आणि असलीच तर इतकी जुनी गाडी अजून रस्त्यावर कशी, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं या शहरात राहते आणि या गाड्यांवर माझा फार जीव आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी ओळखायचं कसं ते सांगते, कारण त्यासाठी कुणाला विचारावंही लागत नाही. ट्रामच्या तोंडावर तिचा नंबर रंगवलेला असतो, तो वाचा. ८५० ते ९६९ मधला असेल, तर ती 'डब्ल्यू' कुळातल्या एसडब्ल्यू-६ जातीची, म्हणजे १९३९ ते १९५१ या काळात बांधलेली. ९७० ते १००० असेल, तर डब्ल्यू-६, पन्नाशीच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातली. १००१ ते १०४० असेल, तर डब्ल्यू-७, १९५५-५६ ची. (मधला ९८० हा एकच अपवाद. ती अमेरिकी पद्धतीची चाकं-मोटारी लावून पाहिलेली प्रयोगाची गाडी होती.) १०४० नंबरची ट्राम १९५६ साली बाहेर पडली आणि तिथे ही मालिका संपली. सिटी सर्कलवर आज धावणाऱ्या डझनभर गाड्या अलीकडच्या काळात पार उघडून, सांगाडा मजबूत करून, ब्रेक आणि दिवे आजच्या नियमांना धरून बसवून पुन्हा जोडल्या आहेत. त्यातलं बरंच काम याच राज्यातल्या बेंडिगो शहराच्या ट्राम वर्कशॉपमध्ये झालं. अशा दुरुस्त गाड्यांना आता डब्ल्यू-८ म्हणतात. पण नंबर तोच, ठेवण तीच. घराचं छप्पर आणि वायरिंग बदललं म्हणून घर नवं होत नाही, तसंच हे आहे, असं माझं मत.

आता या कुळाची गोष्ट. मेलबर्नमध्ये १८८५ पासून केबल ट्राम होत्या. रस्त्याखालून सतत फिरणारा दोर असायचा आणि ट्राम त्याला पकडून पुढे जायची. विजेच्या ट्राम उपनगरांमधल्या वेगवेगळ्या नगरपालिकांनी मिळून सुरू केल्या होत्या आणि प्रत्येकीने आपापल्या आवडीच्या गाड्या घेतल्या होत्या. १९१९ मध्ये हे सगळं एका मंडळाच्या हाती आलं. त्याचं नाव मेलबर्न अँड मेट्रोपॉलिटन ट्रामवेज बोर्ड. वारशात मिळालेल्या गाड्यांच्या त्या सरमिसळीला बोर्डाने ए, बी, सी अशी अक्षरं वाटून टाकली. दहा प्रकारच्या गाड्या म्हणजे दहा प्रकारचे सुटे भाग आणि दहा प्रकारची कटकट. म्हणून बोर्डाने ठरवलं की यापुढे एकच नमुना आणि तोच सगळ्या शहरभर. अक्षरांच्या रांगेत त्या नमुन्याच्या वाट्याला डब्ल्यू आलं. पहिली डब्ल्यू १९२३ मध्ये रुळावर आली. नंतर प्रेस्टन भागात बोर्डाने स्वतःचं वर्कशॉप उभारलं आणि तिथेच या गाड्या बांधायला घेतल्या. पोटजाती कितीही झाल्या तरी मूळ आराखडा तोच राहिला. अशा साडेसातशेहून जास्त ट्राम तेहेतीस वर्षांत तयार झाल्या. त्यातल्या डब्ल्यू-२ या एकाच पोटजातीच्या चारशेच्या वर होत्या.

आराखड्यात खरी अक्कल आहे ती मधल्या भागात. दोन टोकांना चाकांच्या जोड्या आणि त्यांच्यावर मोटारी, त्यामुळे टोकाकडची जमीन उंच. पण दोन्ही चाकजोड्यांच्या मध्ये खाली काहीच नाही, मग तिथली जमीन उंच ठेवायची कशाला? ती खाली उतरवली. माणूस रस्त्यावरून चढतो तो या मधल्या खोलगट भागात आणि आत गेल्यावर हवं तर एक पायरी चढून डाव्या किंवा उजव्या बाजूच्या बंदिस्त डब्यात जातो. चढणं-उतरणं सोपं, म्हणून ट्राम थांब्यावर कमी वेळ उभी राहते. सुरुवातीच्या गाड्यांना मध्ये दारंच नव्हती, पाऊस-वारा आला की कॅनव्हासचे पडदे खाली सोडायचे. मेलबर्नच्या जुलैतल्या थंडीत तिथे उभं राहणाऱ्यांचं काय होत असेल, हे इथे एक हिवाळा काढलात की समजेल. सरकती दारं पुढच्या पोटजातींमध्ये आली.

कंडक्टर, इथल्या बोलीत 'कॉनी', हा या ट्रामचा आत्माच. छताखालून दोरी गेलेली असे. ती एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. तुम्ही बेस्टच्या बसमधून फिरलेले असाल तर हे तुम्हाला परकं वाटणार नाही. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला कंट्रोलरचा पितळी दांडा, उजव्या हाताला हवेच्या ब्रेकचा आणि पायाखाली घंटा. गाडी थांबलेली असली तरी ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर मधूनच खालून धडधडायला लागतो. सिटी सर्कलमध्ये बसलात की तो आवाज मुद्दाम ऐका. मेलबर्नमध्ये लहानाचे मोठे झालेले लोक डोळे मिटूनही तो ओळखतात.

ड्रायव्हरांमधलं एक नाव मात्र सांगितलंच पाहिजे: जॉइस बॅरी. त्या कंडक्टर होत्या. ट्राम चालवण्याचं प्रशिक्षण त्यांनी पन्नाशीच्या दशकातच घेतलं, पण बाई ट्राम चालवणार ही गोष्ट कामगार संघटनेच्या गळी उतरेना. शेवटी १९७५ मध्ये त्यांना ती जागा मिळाली.

आता तुमचा खरा प्रश्न, या टिकल्या कशा.

सिडनीचं ट्रामजाळं मेलबर्नपेक्षाही मोठं होतं. ते १९६१ मध्ये बंद झालं. आपल्या मुंबईत १९०७ पासून विजेवर धावणारी ट्राम ३१ मार्च १९६४ ला शेवटची बोरीबंदरहून दादरला गेली. त्या काळात जगभर एकच सूर होता: रूळ झिजले, गाड्या म्हाताऱ्या झाल्या, नव्याने सगळं करण्यापेक्षा बस आणा, स्वस्त पडेल. मेलबर्नमध्ये हा युक्तिवाद लागूच पडेना. शहरातली शेवटची केबल ट्राम बंद झाली १९४० मध्ये. केबलचे बरेच मार्ग त्याआधीच्या काही वर्षांत विजेवर आणले होते, म्हणजे विजेचे बरेचसे रूळ आणि तारा त्या मानाने ताज्या होत्या. आणि गाड्या? त्या तर १९५६ पर्यंत घरच्या वर्कशॉपमध्ये बांधल्या जात होत्या, सगळ्या एकाच घडणीच्या, कुठलाही भाग कुठल्याही डेपोत दुरुस्त होणाऱ्या. मोडीत काढायला म्हातारं असं काही हाताशीच नव्हतं.

त्यात बोर्डाच्या अध्यक्षपदी १९४९ पासून रॉबर्ट रिसन हा माणूस बसला होता. पेशाने इंजिनिअर, लष्करात मोठ्या हुद्द्यावर राहिलेला आणि ट्रामच्या बाजूने ठाम. त्याच्या काळात रूळ काँक्रीटमध्ये बसवले गेले आणि मग 'हे उखडायला किती खर्च येईल त्याचा हिशेब करा' हे उत्तर त्याच्याकडे कायम तयार असे. संघटनाही ट्राम जाऊ द्यायला तयार नव्हत्या. रस्ते रुंद आणि सरळ होते. १९५५ मध्ये तर बर्क स्ट्रीटवर उलटी गंगा वाहिली: केबल ट्रामच्या जागी आणलेल्या बस काढून तिथे विजेची ट्राम सुरू केली. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिक होतं आणि शेवटच्या डब्ल्यू-७ गाड्या त्याच सुमारास आल्या. जग ट्राम मोडत असताना हे शहर नवी लाइन टाकत होतं! मला यात रिसनइतकंच श्रेय प्रेस्टनच्या सुतारांना आणि फिटरांना द्यावंसं वाटतं. त्यांनी गाड्या इतक्या साध्या आणि दणकट बांधल्या नसत्या, तर रिसनच्या हातात वाद घालायला काही उरलं नसतं.

१९७५ पासून झेड-क्लासच्या नव्या ट्राम यायला लागल्या आणि डब्ल्यू हळूहळू बाजूला पडल्या. मग त्यांची जी वाटावाट झाली ती थक्क करणारी आहे. काही सिअ‍ॅटलच्या किनाऱ्यावर १९८२ ते २००५ धावल्या, काही सॅन फ्रान्सिस्कोला आणि मेम्फिसला गेल्या. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये एक फिरतं रेस्टॉरंट म्हणून चालते. गायक एल्टन जॉन यांनी एक विकत घेऊन थेट इंग्लंडला नेली. इथे मात्र लोकांच्या पोटात कालवायला लागलं. आपला ठेवा जहाजात भरून चाललाय म्हणून आरडाओरडा झाला. वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९९० मध्ये या गाड्या वारसा म्हणून नोंदवल्या आणि नंतर सरकारने विक्री थांबवली. त्या आधी १९७८ पासून चित्रकारांना ट्राम रंगवायला देण्याचा एक सुंदर उपक्रम इथे झाला. क्लिफ्टन प्यू आणि मिर्का मोरा यांच्यासारख्या नामवंतांनी रंगवलेल्या डब्ल्यू ट्राम रोजच्या प्रवाशांना घेऊन शहरभर फिरायच्या.

सिटी सर्कल १९९४ मध्ये सुरू झाली, पण नेहमीच्या तिकिटाच्या मार्गांवरही डब्ल्यू त्यानंतर कितीतरी वर्षं होत्या. चॅपल स्ट्रीटवरच्या ७८ नंबरवरून त्या २०१४ च्या अखेरीला गेल्या. मला हे अजून पटत नाही. मिलानमध्ये १९२८ च्या नमुन्याच्या ट्राम आजही ऑफिसला जाणाऱ्या माणसांना रोज नेतात. मेलबर्ननेही निदान एक रोजचा मार्ग डब्ल्यूकडे ठेवायला हवा होता. व्हीलचेअरची अडचण खरी आहे, तिच्यावर उडवाउडवीचं उत्तर देऊन चालणार नाही. पण व्हीलचेअर आत नेता येणाऱ्या सखल ट्रामच्या अधूनमधून या सोडता आल्या असत्या. वापरात असलेली गाडी लोक आपली मानतात, नुसती दाखवण्यापुरती ठेवलेली गाडी हळूहळू विसरतात. न्यूपोर्ट उपनगरातल्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभ्या राहून कुजलेल्या गाड्यांचं तेच झालं. २०१८ मध्ये त्यातल्या १३४ गाड्या सरकारने लोकांना आणि संस्थांना देऊ केल्या. कुणी त्यांची शाळेची खोली केली, कुणी कॅफे.

कोलकात्याशीही या ट्रामवाल्यांचं नातं आहे. मेलबर्नच्या आणि कोलकात्याच्या ट्राम कर्मचाऱ्यांनी आणि कलाकारांनी मिळून १९९६ पासून 'ट्रामजत्रा' भरवली आहे. सजवलेली ट्राम, गाणी आणि दोन्हीकडच्या कंडक्टरांच्या गप्पा.

आता तुमच्या कामाचं. सिटी सर्कलचा मार्ग क्रमांक ३५. तिकीट नाही, मायकी हे इथलं प्रवासाचं कार्डही दाखवावं लागत नाही. फ्लिंडर्स स्ट्रीट, स्प्रिंग स्ट्रीट, ला ट्रोब स्ट्रीट आणि डॉकलंड्स असा तो फिरतो. पार्लमेंटची इमारत आणि फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन दोन्ही वाटेत लागतात. ही ट्राम दिवसाच असते आणि आधुनिक ट्रामइतकी पटापट येत नाही, तेव्हा थोडा वेळ हाताशी ठेवा. चढताना पायरी आहे, दांडा धरून सावकाश चढायला सांगा. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर मधल्या खोलगट भागातच जागा धरा, टोकाच्या डब्यात जायचा हट्ट नको. सुट्टीच्या दिवशी दुपारी फार गर्दी असते. सकाळी ती सुरू होते त्या सुमाराला गेलात तर ड्रायव्हरच्या मागे उभं राहून दांड्यांची हालचाल नीट बघता येईल.

आणि वडिलांना यंत्रांची आवड असेल तर हॉथॉर्नच्या जुन्या डेपोतलं ट्राम म्युझियम चुकवू नका. ते फक्त ठरावीक शनिवारी उघडतं, तारीख बघून जा. आत डब्ल्यूच्या पोटजाती शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि डब्यात चढून बसताही येतं. तिथले स्वयंसेवक मनापासून माहिती सांगतात. त्यांना कंट्रोलरबद्दल एक प्रश्न विचारा, पुढचा अर्धा तास तुमचा.