कॅमेरा नसताना काढलेली अजिंठा-वेरूळची १९व्या शतकातली चित्रं कितपत खरी मानायची?

प्रमाणबद्धतेच्या बाबतीत बरीच खरी मानावी. कारण बरेच चित्रकार नुसत्या नजरेवर विसंबत नव्हते. विल्यम वोलास्टनने १८०६ साली पेटंट घेतलेलं 'कॅमेरा ल्युसिडा' हे साधं उपकरण त्यांच्याजवळ असे. दांडीवर बसवलेला चार बाजूंचा छोटा लोलक, एवढंच! त्याच्या कडेवर डोळा टेकवला की बाहुलीच्या अर्ध्या भागातून समोरचा खांब दिसतो आणि उरलेल्या अर्ध्यातून खालचा कागद. खांब कागदावरच उमटल्यासारखा वाटतो, मग पेन्सिलीने फक्त गिरवायचं. मान जराशी हलली, की रेघ चुकलीच.

निळीच्या व्यापारात कमाई करून लेण्यांच्या मागे लागलेले जेम्स फर्ग्युसन हेच वापरत. भारतातल्या लेण्यांवरचा त्यांचा चित्रसंग्रह १८४५ मध्ये लंडनला निघाला. पण छपाईसाठी लागणाऱ्या दगडावर (शिळाछापासाठी) ती चित्रं टी. सी. डिबडिन या दुसऱ्या चित्रकाराने काढली होती, हे ध्यानात घ्या. म्हणून माझं मत असं: खांबांची संख्या, कमानींचा आकार यांवर भरवसा ठेवा, झाडं, ढग, पुढे बसलेली माणसं यांवर नको. शक्य असेल तर छापील चित्राऐवजी मूळ पेन्सिलचित्र बघा.

रंगांसाठी मात्र रॉबर्ट गिल. १८४४ पासून ते अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती करत होते. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. आजही वाईट वाटतं.