क्लच, गिअर आणि ऑटोमॅटिक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : वय साठीकडे झुकलंय, डावा गुडघा दुखतो. रोज जळगाव-भुसावळ आणि महिन्यातून एखाद्या वेळी कन्नड घाटातून छत्रपती संभाजीनगर, एवढंच फिरणं आहे. मुलगा ऑटोमॅटिक घ्या म्हणतो. मित्र म्हणतात, ऑटोमॅटिक घाटात दम तोडते आणि पेट्रोलही पिते. काय करावं?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : गुडघा दुखत असेल तर ऑटोमॅटिकच घ्या. फक्त ती कोणत्या प्रकारची, हे कळल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका. शोरूममध्ये चार वेगवेगळ्या यंत्रणा एकाच नावाखाली विकल्या जातात.

सगळ्यात स्वस्त ती एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओपासून ती सामान्यांच्या आवाक्यात आली. आत गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट मॅन्युअलचेच असतात. तुमच्या पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं, एवढाच फरक. त्यामुळे मायलेज जवळपास मॅन्युअलइतकंच मिळतं. गिअर बदलताना किंचित झोका बसतो. त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा हलका केला की तो कमी होतो.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टर. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. चढावर घासायला मॅन्युअलसारखी क्लच प्लेटच नसल्यामुळे घाटातल्या ट्रकांच्या रांगेत ही यंत्रणा सगळ्यात निश्चिंत. पेट्रोल पिण्याची तक्रार जुन्या, तीन-चार गिअरच्या गाड्यांची होती. आता सहा-आठ गिअर असतात आणि वेग धरल्यावर लॉक-अप क्लच तेलातलं घसरणं थांबवतो.

तिसरी सीव्हीटी. दोन पुली आणि त्यांवरचा पोलादी पट्टा. शहरात अगदी मऊ चालते, पण चढावर जोरात दाबलं की इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. चौथी ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने काम करणारी. तिच्यातला कोरड्या, म्हणजे तेलात न बुडणाऱ्या क्लचचा प्रकार आम्ही तुम्हाला सुचवणार नाही. मे महिन्यातलं आपलं ४५ अंशांचं ऊन आणि घाटातलं इंच-इंच सरकणं, हे दोन्ही एकत्र आलं की तो क्लच तापतो. बजेट असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या, नसेल तर एएमटी.

घाटात दोन सवयी लावून घ्या. चढावर थांबलात की गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक दाबा, थांबणं लांबलं तर हँडब्रेक ओढा. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय, गाडीला साधारण दोनच सेकंद धरतो, त्याच्या भरवशावर राहू नका. उतरताना मॅन्युअल मोड लावून दुसरा गिअर ठेवा. डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून सतत ब्रेक दाबत गेलं तर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. एएमटीचा क्लच तापल्याची सूचना आली, तर सुरक्षित जागी थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा.

आणखी एक : बहुतेक एएमटी गाड्यांना 'पी' (पार्किंग) नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. 'पी' असलेल्या गाडीत ब्रेक दाबून आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या. त्यानंतर पुन्हा ब्रेक दाबून 'पी' लावा. नाहीतर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खटक्यावर येतो.

प्रश्न : केळीच्या वाहतुकीला पिकअप आहे. क्लच प्लेट वर्षभरही टिकत नाही. मिस्त्री म्हणतो ड्रायव्हरचा दोष, ड्रायव्हर म्हणतो प्लेटच हलकी. यात ऑटोमॅटिक का येत नाही?
— एक शेतकरी, सावदा

उत्तर : शेवटच्या भागाचं उत्तर सोपं. मालवाहू गाडीत पहिल्यांदा किंमत पाहिली जाते आणि दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीच्या हाताला जमणारी लागते. म्हणून तिथे मॅन्युअल टिकून आहे आणि आमच्या मते तेच रास्त आहे.

आता प्लेट. क्लचचं पेडल पूर्ण सोडलेलं असलं की प्लेट झिजत नाही. ती झिजते फक्त घसरताना, म्हणजे पेडल अर्धवट दाबलेलं असताना, हाफ क्लचमध्ये. म्हणून महामार्गावर शंभर किलोमीटर धावण्यापेक्षा भरल्या गाडीने बांधावरून एकदा रिव्हर्स घेणं तिला महागात पडतं. शक्य असेल तिथे रिकामी गाडीच रिव्हर्स घेऊन लावा आणि माल भरल्यावर सरळ पुढे काढा. भरलेली गाडी नेहमी पहिल्याच गिअरमध्ये उचला. दुसऱ्यात उचलायची खोड अनेक ड्रायव्हरांना असते आणि बऱ्याच प्लेटा त्यानेच जातात.

चढावर उचलण्याची रीत अशी : हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, हलका रेस. क्लच हळूहळू सोडत जा. इंजिनाचा आवाज जड झाला आणि बोनेट किंचित उचललं की हँडब्रेक सोडा आणि मग क्लच पूर्ण सोडा. चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही. तेवढ्या दाबानेही क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग फिरत राहतं आणि प्लेटची पकड सैल होते.

पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली तर रेस देऊन काढायला जाऊ नका. जळका वास आला म्हणजे प्लेटचं अस्तर तापून गुळगुळीत झालं. त्याची पकड पुन्हा पहिल्यासारखी येत नाही. माल उतरवा, चाकाखाली फळी किंवा गोणपाट घाला. केळीचे खांब टाकू नका, ते चिरडले की चाक आणखी घसरतं.

क्लच घसरतोय का, हे रिकाम्या सपाट रस्त्यावर तपासा. वरच्या गिअरमध्ये ताशी ४०-५० वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट संपत आली आहे. बदलताना नुसती प्लेट बदलू नका. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाका. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्याला चिकटून फिरते त्या इंजिनाच्या जड चाकावर, निळे डाग किंवा बारीक चिरा आहेत का, ते स्वतः उभं राहून पाहा. डाग असतील तर त्याचा पृष्ठभाग लेथवर घासून घ्यावा लागेल, चिरा खोल असतील तर ते बदलावंच लागेल. आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलमधून तेल गळत असेल तर नवी प्लेटही तेलाने भिजेल. वर्षाच्या आत प्लेट जाते म्हणता, तर आमचा पहिला संशय या सीलवर आहे. नवा सेट टाकल्यावर पहिले ५०० किलोमीटर भार कमी ठेवा.

प्रश्न : मॅन्युअल गाड्या बंदच होणार का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : इतक्यात नाही. स्वस्त मोटारी आणि मालवाहू गाड्यांत मॅन्युअल अजून बरीच वर्षं राहील. महागड्या गाड्यांमधून मात्र तो जातो आहे. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही चालवण्याच्या मजेसाठी घेतली जाणारी गाडी, तिनेही २०२५ च्या मॉडेलपासून मॅन्युअल सोडला. बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींत तर बदलायला गिअरच नाहीत, एकच ठरावीक गिअर असतो. वाईट वाटतं ते एका गोष्टीचं : आपल्याकडेही काही मॉडेलांत वरच्या श्रेणीच्या सोयी आणि सुरक्षेची साधनं फक्त ऑटोमॅटिकसोबत देतात. ज्याला मॅन्युअलच हवा, त्याला ती नाकारली जाऊ नयेत.

प्रश्न : मुलीला गाडी शिकवायची आहे. घरात ऑटोमॅटिक आहे. त्यावरच शिकवली तर परवाना वेगळा मिळतो का?
— एक पालक, धुळे

उत्तर : नाही. दुचाकीत गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे. मोटारीचा एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) परवाना मात्र दोन्हींना एकच. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही, आपल्याकडे कायदा अडवत नाही. नेमकं म्हणूनच तिला आधी मॅन्युअल शिकवा. नाहीतर रात्री-अपरात्री शेजाऱ्याची मॅन्युअल गाडी काढायची वेळ आली तर परवाना असूनही हात थांबतील.

सपाट मैदानावर ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसत्या क्लचवर गाडी हलवायला लावा. डिझेल गाडीत हे लवकर जमतं. ते बसल्यावरच रेस द्यायला शिकवा आणि त्यानंतर लळिंगसारख्या चढावर न्या. ऑटोमॅटिकवर येताना एकच नियम : डावा पाय बाजूला, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींना उजवाच.

प्रश्न : जुनी ऑटोमॅटिक स्वस्तात मिळतेय. काय तपासू?
— एक वाचक, शहादा

उत्तर : सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) मधून डी, मग आर (रिव्हर्स) लावा. टॉर्क कन्व्हर्टर गाडीने सेकंदाभरात गिअर पकडायला हवा. उशीर होऊन धक्का बसला तर सौदा सोडा. चालवताना ताशी ५०-६० च्या आसपास थरथर जाणवते का, ते पाहा. गिअर ऑइलची डिपस्टिक असेल तर तेल लालसर आणि स्वच्छ हवं. काळं पडलेलं आणि जळक्या वासाचं तेल म्हणजे गिअरबॉक्सच्या आत गिअर बदलणारे छोटे क्लच झिजलेत. आपल्या उन्हात 'आयुष्यभर बदलायला नको' या दाव्यावर विसंबू नका. तेल कधी बदललं, त्याचं बिल मागा.

एएमटी असेल तर क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून त्याची गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळणी केली होती का, हे विचारा. ती केली नसेल तर गाडी अडखळत उचलते.

घेतलीच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बॅटरी उतरली की ही गाडी धक्का मारून सुरू होत नाही, म्हणून डिकीत जम्पर केबल हवी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.२ च्या खाली आली तर लक्ष घाला, कारण उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते. दुसरं, वाटेत बंद पडली तर दोर बांधून ओढू नका. टॉर्क कन्व्हर्टर गाडीत गिअरबॉक्सला तेल देणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. कोंडाईबारी घाटात अडकलात तरी पूर्ण गाडी वर चढवून नेणारीच क्रेन बोलवा आणि फोनवरच तसं स्पष्ट सांगा.