दगडीचे (कासदाहाचे) जंतू आणि त्यांची जनुके : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाईच्या एकाच सडात औषधाची ट्यूब सोडली की दूध साफ होते आणि महिन्याभरात पुन्हा गाठी येतात. जंतू तोच असतो की दर वेळी नवा?

नुसत्या कल्चरवरून, म्हणजे दुधातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीवरून, हे कळत नाही. दोन्ही वेळा 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' एवढेच लिहून येते. त्या जंतूचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे २८ लाख अक्षरांचा असतो. दोन्ही वेळचे जंतू प्रयोगशाळेने जपून ठेवले असतील, तर ते संच ताडून पाहता येतात. फरक मोजक्या अक्षरांचा निघाला, तर बहुधा जुनाच जंतू कासेत दबा धरून होता. ऑरियस कासेच्या पेशींच्या आत शिरतो, चिकट थर करून राहतो, आणि तिथे औषध नीट पोचत नाही. अशा वेळी ट्यूब बदलत बसण्यात अर्थ नाही. गाय आटवतानाचा, म्हणजे विण्याआधी दूध बंद करतानाचा उपचार, तो सड कायमचा बंद करणे किंवा गाय कळपातून काढणे, हेच पर्याय उरतात. फरक हजारो अक्षरांचा असेल, तर जंतू नवा आहे. मग गाईकडे नव्हे, धार काढण्याच्या पद्धतीकडे बघा. माझ्या मते जनुक-तपासणीचा खरा फायदा इथेच आहे. औषध निवडायला तिची गरज त्यामानाने कमी पडते.

प्रश्न : अहवालात 'ब्ला-झेड जनुक आढळले' असे आहे. म्हणजे काय?

हे जनुक पेनिसिलिन फोडणारे एंझाइम बनवते. पुष्कळदा ते प्लास्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर असते. त्यामुळे साधे पेनिसिलिन बाद. क्लॉक्झासिलिन त्या एंझाइमला सहसा दाद देत नाही. पण गंमत अशी, की असे जंतू इतर गटांतल्या औषधांनीही कमीच बरे होतात. म्हणजे अडचण एकट्या या जनुकाची नसावी, जंतूच्या त्या वाणाचीच (उपप्रकाराचीच) असावी. गाय तरुण असेल आणि लागण ताजी असेल, तर उपचार जरूर करावा. जुन्या गाईच्या जुन्या लागणीवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

प्रश्न : धार काढणाऱ्याकडून गाईला लागण होते का?

होते, आणि उलटही होते. पण प्रत्येक वाण दोन्हीकडे सारखा रुळत नाही. माणसातल्या ऑरियसमध्ये बहुधा एका विषाणूने आणलेली, आपल्या प्रतिकारशक्तीला चकवणारी जनुके असतात. गाईंत रुळलेल्या वाणांत ती सहसा नसतात. त्यांच्यापैकी अनेकांकडे गाईच्या पांढऱ्या पेशी मारणारे वेगळे विष असते. २०११ मध्ये ब्रिटनमधून 'मेक-सी' या जनुकाची नोंद झाली, तीही कासदाहाच्या अभ्यासात, टाकीतल्या दुधात सापडलेल्या जंतूवरून. मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या गटातल्या औषधाला न जुमानण्याचे जुने जनुक 'मेक-ए'. नवे त्याच्याशी जेमतेम ७० टक्के जुळते, म्हणून नेहमीच्या पीसीआरला, म्हणजे ठरावीक डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, ते दिसतच नव्हते.

प्रश्न : पीसीआरमध्ये तीन जंतू, कल्चरमध्ये एकही नाही. खरे कोणते मानायचे?

पीसीआर मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडते. उपचार नुकताच झाला असेल, तर असे होणारच. पण एकाच सडात तीन जंतू दिसले की मला पहिला संशय नमुन्याचा येतो. पहिल्या धारा टाकून द्या. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने, बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा. पुसताना लांबचे सड आधी. नमुना घेताना जवळचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. बाटली आडवी धरा, झाकण खाली ठेवू नका. मग पुन्हा तपासा.

प्रश्न : ई. कोलायचे 'कासदाहाचे जनुक' कोणते?

तसे एकच जनुक नाही. सायट्रेटला बांधलेले लोह ओढून घेणारा 'फेक' जनुकगट कासदाहाच्या वाणांत जवळपास नेहमी सापडतो. दुधात सायट्रेट भरपूर आणि मोकळे लोह दुर्मीळ, म्हणून. बाकी वाण गाईगणिक वेगळे निघतात, कारण ते शेणातून आणि ओल्या अंथरुणातून येतात. आजार किती भडकेल, हे जंतूपेक्षा गाईवर जास्त ठरते. नुकती व्यालेली गाय सगळ्यात नाजूक. तिचे अंथरूण कोरडे ठेवा.