उपासनेसाठी गीते निवडताना नेमके काय पाहावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारच्या उपासनेची गीते निवडायचे काम यंदा मंडळीने, म्हणजे तुमच्या चर्चच्या लोकांनी, तुमच्यावर टाकले आहे. तरुण संघाला कीबोर्ड-ड्रमवरची नवी गाणी हवीत, वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ या जुन्या गीतपुस्तकातलीच हवीत, आणि पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) ‘योग्य ते निवडा’ म्हणून मोकळे झालेत. मी नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत वीसेक वर्षे पेटी वाजवतोय. माझ्याकडेही हे काम असेच येऊन पडले होते, म्हणून लिहितो.

जुने की नवे, हा वाद आधी बाजूला ठेवा. त्यातून काहीच ठरत नाही. मी एवढेच बघतो, मंडळी गाते का? पेटीमागे बसलेल्याला तोंडे किती हलताहेत ते स्पष्ट दिसते.

हे मला शिकवले ते माझ्याच फजितीने. पहिल्या वर्षी नाताळाच्या आधी मोबाईलवर एक नवे गीत ऐकले, आवडले आणि जसेच्या तसे बसवले. मूळ गायकाचा आवाज चढा, मीही तीच पट्टी धरली. पहिले कडवे लोकांनी कसेबसे ओढले. दुसऱ्याला पुरुष मंडळी एक सप्तक खाली उतरून पुटपुटू लागली. तिसऱ्याला मी आणि माइकवरची दोन पोरे, बस्स. मागच्या बाकावरच्या एक आजी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. उपासना सुटल्यावर दारात म्हणाल्या, “आज तू छान गायलास हो.” त्यातला ‘तू’ मला घरी पोचेपर्यंत बोचत होता.

तेव्हापासून गीत निवडले की आधी त्याचा सर्वांत वरचा सूर शोधतो. पेटीच्या पांढरी एक पट्टीला सा धरला, तर तार सप्तकातल्या सा-रे पर्यंत सामान्य माणूस रविवारी सकाळी, चहा पिऊन आलेल्या गळ्याने, पोचतो. त्याच्या वर गेला की गप्प होतो. गीत चढत असेल तर पट्टी उतरवा. उतरवल्यावर खालचे सूर बुडायला लागले, तर ते गीत एकट्याने गायचे आहे, मंडळीचे नाही. गीत वाईट असते असे नाही. कुणाला तरी दानार्पणाच्या वेळी एकट्याने म्हणू द्या.

मग शब्द. अर्थ बायबलच्या वचनाला धरून हवा हे तुम्हाला पाळकसाहेब सांगतीलच. मी सांगतो ते कानाचे आहे. इंग्रजी किंवा हिंदी चालीवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागते. ‘करुणा’तला ‘रु’ चार मात्रा ताणला की ‘करूऽऽणा’ ऐकू येते, आणि गाणाऱ्याला कुठे चुकतेय ते कळत नसले तरी जीभ अडखळते. म्हणून नवे गीत आधी नुसते मोठ्याने वाचा आणि मग गा. वाचताना एक आणि गाताना दुसरेच ऐकू आले, तर ते ठेवून द्या.

मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी इंग्रजी चालींसाठी शब्द जुळवत बसण्यापेक्षा अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन रुजवायची खटपट केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांचा अभंग आमच्या मंडळीत कधी शिकवावा लागत नाही. चाल कानात आधीच असते, शब्द तेवढे भरायचे. त्यांच्याही आधी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट (कॅथलिक संघातल्या) धर्मगुरूने गोव्यात ख्रिस्तपुराण रचले, ते ओवीत. छापले गेले १६१६ साली. परका माणूस, पण छंद इथलाच घेतला.

टाळ-तबला म्हणजे ‘त्यांचे’, हिंदूंचे, भजन, असे आमच्यातले काही जण अजून म्हणतात. त्यांना बायबलमधले १५० वे स्तोत्र काढून दाखवतो. झांजा त्यात चांगल्या ठळक आहेत. कॅथलिक शेजाऱ्यांकडे तर १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) उपासनाविधीवरच्या दस्तऐवजात लिहूनच दिले गेले, की मिशनच्या प्रदेशांत लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य मान द्यावा. त्याच दस्तऐवजात पाइप ऑर्गनचीही थोरवी आहे, हे जाता जाता.

तरुण संघ कधी ना कधी सिनेमाच्या चालीवर बांधलेले गीत घेऊन येईलच. मी नाही म्हणतो, पण चाल पापी म्हणून नाही. वधस्तंभावरच्या जखमी मस्तकाबद्दलचे जे जर्मन गीत जगभर गुड फ्रायडेला गातात, त्याची चाल जर्मन संगीतकार हान्स लिओ हास्लर यांच्या १६०१ सालच्या एका प्रेमगीताची आहे. आज ते प्रेमगीत कुणाला आठवत नाही, म्हणून ते चालते. आपल्याकडे मात्र सिनेमाच्या चालीचे ध्रुवपद सुरू होताच अर्ध्या मंडळीच्या डोळ्यांपुढे नायिका उभी राहते. ती विसरली जाईल तेव्हा बघू.

गीत उपासनेत कुठे येणार, हेही पाहा. सुरुवातीला सगळ्यांना पाठ असलेले, उभे राहून म्हणता येणारे. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारस घेण्याच्या) वेळी लोक रांगेने पुढे येतात, हातात पुस्तक नसते, म्हणून छोटे ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणारे. संदेशानंतरचे (प्रवचनानंतरचे) गीत पाळकांना शनिवारी विचारून ठरवा. संदेश क्षमेवर आणि गीत पेरणी-कापणीचे, असा प्रकार आमच्याकडे झालेला आहे. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, वाद्ये थोडी आवरती घेतली की ईस्टरच्या सकाळी तबला कडाडतो तेव्हा पोरेसुद्धा दचकून हसतात.

माइकचा आवाज खाली ठेवा. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६१ साली गायनाचे सात नियम छापले, त्यात ‘सगळ्यांनी गा’ हा एक आणि ‘इतरांच्या वर आपला आवाज काढू नका’ हाही एक. तेव्हा माइक नव्हते.

मागच्या पावसाळ्यात ऐन उपासनेत वीज गेली. कीबोर्ड बंद, भिंतीवरचे शब्द गायब, माइक मुका. वाजवणारी पोरे माझ्याकडे बघत राहिली. माझी पेटी त्या दिवशी दुरुस्तीला गेलेली. तेवढ्यात मागच्या बाकावरून त्याच आजींनी टिळकांचा एक अभंग उचलला, जरा घसरत्या सुरात. दुसऱ्या ओळीला महिला मंडळ, तिसऱ्याला सगळे. ड्रमवाल्या पोराने मांडीवर ठेका धरला. वीज यायला अर्धा तास लागला, आणि आल्यावर कुणी बटणाकडे गेले नाही.

आता तुमचा येता रविवार. चार गीते असतील तर तीन पाठ असलेली घ्या, एकच नवे. ते नवे आधी दोन रविवार तरुण संघाला दानार्पणाच्या वेळी म्हणू द्या, लोकांना फक्त ऐकू द्या. तिसऱ्या रविवारी मंडळीसमोर ठेवा आणि एका कडव्याला वाद्ये पूर्ण थांबवा. आवाज टिकला तर गीत वहीत लिहा, विरला तर सोडून द्या. महिन्याला एकापेक्षा जास्त नवे नको. ड्रम राहू द्या. हॉल लहान असेल तर पोराला काठ्यांऐवजी ब्रश आणून द्या आणि आजींच्या बाकापासून लांब बसवा.