पॅपमध्ये ‘एजीसी’ आलं, सहा महिने थांबू का?

प्रश्न : माझं वय ४२. शिबिरात पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) केली. रिपोर्टवर ‘एजीसी-एनओएस’ लिहिलंय, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) निगेटिव्ह आहे. डॉक्टरांनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा पॅप करू म्हणाले. वर्षभर पाळीत फार जातं. जाऊबाई म्हणतात, पिशवीच काढून टाक. मला कॅन्सर आहे का?

उत्तर : ताई, सहा महिने थांबू नका आणि पिशवी काढायची घाईही करू नका. या रिपोर्टचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. ‘एजीसी-एनओएस’ म्हणजे ग्रंथींच्या पेशी वेगळ्या दिसल्या, पण नेमका प्रकार सांगता येत नाही, एवढंच. पॉलिप, तांबी किंवा आधीचं ऑपरेशन यांमुळेही त्या तशा दिसतात. पण त्यामागे काय आहे, हे दुसऱ्या पॅपने कळत नाही.

या पेशी पिशवीच्या तोंडाच्या आतल्या नळीत, घड्यांमध्ये खोल असतात; कधी त्या पिशवीच्या अस्तरातूनही आलेल्या असतात. ब्रश तिथे नीट पोचत नाही, त्यामुळे पुढची पॅप नॉर्मल आली तरी खात्री होत नाही. गोळ्यांनी जंतुसंसर्ग बरा होईल, तपासणी मात्र राहूनच जाईल. स्वीडनमधल्या तीस लाखांवर स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा रिपोर्ट आलेल्या शंभरातल्या साधारण दीड जणींना पहिल्या सहा महिन्यांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर सापडला, आणि वाढलेला धोका पुढे पंधरा वर्षांपर्यंत दिसत राहिला. तरीही सहा महिन्यांत तुकडा तपासला गेला तो जेमतेम निम्म्या जणींचा. मला याचीच जास्त काळजी वाटते.

एचपीव्ही निगेटिव्ह आहे हे चांगलंच. पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर बहुधा या विषाणूमुळे होत नाही, म्हणून त्या रिपोर्टवर विसंबून राहता येणार नाही. तुमचं वय पस्तिशीच्या पुढे आहे आणि रक्तस्रावही जास्त आहे, तेव्हा तीन गोष्टी एकाच भेटीत करून मागा : कोल्पोस्कोपी (पिशवीच्या तोंडाची भिंगातून पाहणी), पिशवीच्या तोंडाच्या नळीतलं खरवडून घेतलेलं नमुना-द्रव्य (ईसीसी) आणि अस्तराची बायोप्सी. दोन्ही नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत जाऊ द्या. एकत्र झाले तर दोष कुठला ते कळणार नाही. कोल्पोस्कोपीत काहीच दिसलं नाही तरी नळीतला नमुना सोडू नका, कारण ग्रंथींचे दोष वरून बऱ्याचदा दिसत नाहीत.

पाळी संपल्यावरच्या आठवड्यातली वेळ घ्या. आधी दोन दिवस आत गोळी ठेवू नका, संबंध टाळा. दिवस गेल्याची शंका असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा आयोडिनची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी सांगा. अस्तराचा तुकडा घेताना पाळीसारखी कळ येते. दोन-तीन दिवस डाग पडले तर चालतं. पॅड भिजण्याइतकं रक्त गेलं किंवा ताप आला तर लगेच दवाखाना गाठा.

रिपोर्ट आल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : नमुना पुरेसा आला होता का? ‘अपुरा’ लिहिलं असेल तर ते नॉर्मल धरू नका.

पिशवीबद्दल जाऊबाईंना सांगा की तपासणीआधी ती काढली आणि मागाहून पसरलेला कॅन्सर निघाला, तर झालेलं ऑपरेशन अपुरं ठरतं आणि पुढचे उपचार अवघड होतात.

सगळं स्वच्छ आलं तर एक वर्षाने आणि दोन वर्षांनी पॅप व एचपीव्ही दोन्ही करा. रक्तस्राव चालूच राहिला तर तेवढं थांबायचं नाही. आणि पुढे ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना ‘एजीसी’चा हा जुना रिपोर्ट आधी दाखवा.