‘पत्ता बदला’ की ‘पत्ता द्या’?

ऐरोलीच्या एका वाचक ताईंनी विचारले आहे की, महापे येथील त्यांच्या कार्यालयात एका माहितीपुस्तिकेचे मराठीकरण सुरू असून, वेब सेवा वापरणारा क्लायंट (म्हणजे सर्व्हरकडून ती सेवा मागणारा प्रोग्राम) मूळ सर्व्हरऐवजी चाचणीच्या सर्व्हरशी कसा जोडायचा, हे त्यात सांगायचे आहे. तर तिथे ‘सर्व्हरचा पत्ता बदला’ असे लिहावे की ‘क्लायंटला दुसऱ्या सर्व्हरकडे वळवा’ असे?

व्याकरणाने दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत, पण माझ्या मते दोन्ही टाळावीत.

मराठीत पत्ता बदलतो तो राहणाऱ्याचा. ‘त्यांचा पत्ता बदलला’ असे ऐकले की त्यांनी बिऱ्हाड हलवले, असेच आपण समजतो. इथे बिऱ्हाड कोणाचेच हललेले नाही. मूळ सर्व्हर आपल्या जागी आहे, चाचणीचा सर्व्हरही आपल्या जागी आहे, आणि बदल करायचा आहे तो फक्त क्लायंटकडे असलेल्या नोंदीत. ‘सर्व्हरचा पत्ता बदला’ हे वाचून एखादा नवखा कर्मचारी थेट सर्व्हरचाच आयपी पत्ता बदलायला बसला, तर दोष वाक्याचा म्हणावा लागेल.

‘वळवणे’ या क्रियापदाची अडचण निराळी आहे. घोडबंदर रस्त्यावर ‘वाहतूक वळवली आहे’ अशी पाटी लागते, तेव्हा वाहनचालक नेहमीच्या वाटेने तिथवर आलेला असतो आणि तिथून त्याला दुसरीकडे पाठवले जाते. वेबवरही हुबेहूब असा प्रकार आहे: क्लायंट जुन्याच पत्त्यावर जातो आणि तिथला सर्व्हर 301, 307 किंवा 308 असा संकेतांक व त्यासोबत नवा पत्ता देऊन त्याला पुढे पाठवतो. ‘वळवणे’ हा नेमका शब्द त्या क्रियेसाठी राखून ठेवावा, कारण ताईंच्या उदाहरणात क्लायंट जुन्या दारापर्यंत जातच नाही.

बोलताना मंडळी ‘टेस्टला पॉइंट कर’ म्हणतात, तसेच ‘तुझा क्लायंट टेस्टला लाव’ असेही म्हणतात, आणि हे ‘लावणे’ मला मनापासून आवडते. आपण फोन लावतो तेव्हा नंबर निवडणारे आपण असतो आणि पलीकडचा माणूस जागचा हलत नाही. कर्ता कोण आणि स्थिर कोण, हे त्या एका क्रियापदात आपोआप येते. पुस्तिकेच्या भाषेत मात्र ‘क्लायंट प्रोग्रामला चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता द्या’ असे लिहावे. यातला ‘प्रोग्राम’ गाळू नये, कारण आयटी कार्यालयांत नुसता ‘क्लायंट’ म्हणजे काम देणारी कंपनी, आणि ‘क्लायंटला पत्ता द्या’ याचा अर्थ तिथे भलताच होईल.

ताईंचा जोडप्रश्न ‘एंडपॉइंट’बद्दल, म्हणजे सेवा जिथे मिळते त्या ठिकाणाच्या नावाबद्दल आहे. ‘अंत्यबिंदू’ हा शब्द घडवता येतो, पण त्यावरून वाचणाऱ्याला काहीच उमगत नाही. मूळ परिभाषाही याबाबतीत स्थिर राहिलेली नाही: वेब सेवेचे आणि तिच्या पत्त्याचे वर्णन करणाऱ्या डब्ल्यूएसडीएल या भाषेच्या 2001 मधील 1.1 या आवृत्तीत याच घटकाला ‘पोर्ट’ म्हटले होते आणि 2007 मधील 2.0 आवृत्तीत त्याचे ‘एंडपॉइंट’ झाले. आपण सरळ ‘सेवेचा पत्ता’ म्हणावे.

मात्र सेवेचा पत्ता आणि सर्व्हरचा पत्ता एक नव्हेत, आणि हा फरक नवी मुंबईकराला लगेच पटेल. सेक्टर 15 वाशीतही आहे आणि कोपरखैरणेतही; सेक्टर तोच राहून नोड (म्हणजे वाशी, कोपरखैरणे असा विभाग) वेगळा असला, तर पत्र पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी जाते. पुष्कळदा चाचणीच्या सर्व्हरवरही सेवेचा मार्ग, म्हणजे पत्त्यातला यंत्राच्या नावानंतरचा भाग, मूळ सर्व्हरवर असतो तोच असतो. बदलते ते यंत्राचे नाव आणि कधीकधी 443 ऐवजी 8443 असा पोर्ट क्रमांक (हा ‘पोर्ट’ म्हणजे यंत्राच्या दाराचा क्रमांक, डब्ल्यूएसडीएलमधला ‘पोर्ट’ नव्हे). तरीही जावा भाषेत वेब सेवांसाठी असलेल्या जॅक्स-डब्ल्यूएस या साधनसंचात ‘बाइंडिंग प्रोव्हायडर’ नावाच्या घटकामार्फत चालू प्रोग्रामला दुसरा पत्ता देताना नुसते यंत्राचे नाव देऊन भागत नाही, मार्गासकट सगळा पत्ता द्यावा लागतो. म्हणून पुस्तिकेतले वाक्य असे असावे: ‘क्लायंट प्रोग्रामला चाचणीच्या सर्व्हरवरील सेवेचा पूर्ण पत्ता द्या, डब्ल्यूएसडीएल फाइलमधील पत्ता आहे तसाच राहू द्या.’